घरगुती असेंबल्ड संगणक

घरगुती असेंबल्ड संगणक म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी किंवा हार्ड डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे सुटे भाग स्वतंत्रपणे निवडून स्थानिक दुकानदाराकडून किंवा स्वतः जुळवलेला, घरातील अनेक कामांसाठी वापरला जाणारा मेजावरील संगणक होय. एकाच कंपनीने कारखान्यात तयार करून आपल्या नावाने विकलेल्या 'ब्रँडेड' संगणकापासून तो वेगळा ओळखला जातो. अशा संगणकाची आखणी करताना खर्च, कामगिरी आणि आवाज या तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. खानदेशासारख्या उष्ण प्रदेशात त्यात तापमान ही चौथी बाब येते आणि प्रत्यक्षात तीच उरलेल्या तिन्हींवर अंमल गाजवते.

जळगाव जिल्ह्यातील कांग नदीकाठचे जामनेर हे तालुक्याचे गाव या दृष्टीने प्रातिनिधिक म्हणता येईल. कडक उन्हाळा, धूळ, कमी-जास्त होणारा विजेचा दाब आणि सेवाकेंद्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी करावी लागणारी फेरी या चारही गोष्टी येथील ग्राहकाला गृहीत धराव्या लागतात. शीत हवामानाच्या देशांत लिहिलेल्या जुळणीच्या मार्गदर्शिका येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

पार्श्वभूमी

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे बहुतेक भाग बाहेरच्या कंपन्यांचे होते आणि रचनेची तांत्रिक माहिती उपलब्ध होती. त्यामुळे त्याच्याशी सुसंगत भाग आणि पुढे संपूर्ण संगणकही तयार करणे इतर उत्पादकांना शक्य झाले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण मांडले. मदरबोर्डची लांबी-रुंदी, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा, एसएमपीएसचा आकार आणि त्याच्या जोडण्या यांना त्यामुळे निश्चित रूप आले. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एका कॅबिनेटमध्ये बिनबोभाट बसतात, ते या प्रमाणामुळे.

भारतात नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झालेल्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले आणि सुट्या भागांचा व्यापार वाढू लागला. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला. त्यानुसार संगणक व त्याच्या भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने घटत २००५ पर्यंत शून्यावर आले. या काळात मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, पुण्यातील तपकीर गल्ली आणि दिल्लीतील नेहरू प्लेस या बाजारपेठा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध झाल्या. जिल्ह्यांच्या ठिकाणचे दुकानदार तेथून माल आणत आणि मागणीप्रमाणे संगणक जुळवून देत. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (एमकेसीएल) एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यामुळे हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला आणि ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांचा संगणकाशी पहिला परिचय त्याच वर्गांत झाला. घरी येणारा पहिला संगणक बहुधा असेंबल्डच असे.

जळगाव शहरातील गोलाणी मार्केट हे मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांचे मोठे संकुल आहे. जामनेर तेथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. ऑनलाइन विक्रीमुळे आता भाग थेट घरी येतात. मात्र बिघडलेला भाग वॉरंटीत बदलून घेण्याचा व्याप ग्राहकाकडेच राहतो.

हवामान आणि घराची रचना

जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे कमाल तापमान अनेक दिवस ४२ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. हे बाहेरच्या सावलीतील तापमान झाले; संगणक ज्या खोलीत ठेवला आहे तेथील तापमान घराच्या बांधणीवर ठरते. खानदेशातील जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या छतामुळे दुपारी बरीच थंड राहतात. पत्र्याच्या छताची खोली दुपारी बाहेरच्यापेक्षाही तापू शकते. सिमेंटच्या स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली दिवसभर उष्णता साठवते आणि ती रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहते. म्हणून संगणकासाठी खोली निवडणे हा बिनखर्चाचा, पण सर्वांत परिणामकारक निर्णय ठरतो. तळमजल्यावरील, पश्चिमेची भिंत नसलेली खोली मिळाली तर महागड्या कूलरने साधणार नाही एवढा फरक पडतो.

उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या पाण्याच्या कूलरविषयी एक गैरसमज आहे. कूलरच्या दमट हवेने संगणकात पाणी साचते असे मानले जाते. संगणकाचे आतले भाग खोलीतील हवेपेक्षा गरम असल्याने त्यांवर दव धरत नाही, आणि मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कूलर चालू असतानाही आर्द्रता धोक्याच्या पातळीला जात नाही. खोली थंड झाल्याने उलट संगणकाचा फायदाच होतो. धोका आहे तो कूलरच्या झोतातून उडणाऱ्या तुषारांचा. बोअरच्या जड पाण्यातील क्षार मदरबोर्डवर पांढऱ्या थरासारखे बसतात. त्यामुळे संगणक कूलर असलेल्या खोलीत ठेवण्यास हरकत नसते, मात्र तो झोताच्या रेषेत नसावा.

आवाज आणि उष्णता यांचा संबंध

संगणकाचा आवाज मुख्यतः पंख्यांचा असतो आणि पंखे उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्यामुळे शांत संगणकाचा प्रश्न अखेरीस उष्णतेच्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजली जाते. हे माप लॉगॅरिथमी असल्याने सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले की पातळी दुप्पट न होता केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. पंख्याचा वेग आणि आवाज यांचे नाते मात्र फार तीव्र आहे. वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने घटतो. १२०० फेऱ्यांचा पंखा ९०० फेऱ्यांवर आणला तरी सुमारे ६ डेसिबलचा फरक पडतो, हवा मात्र फक्त चतुर्थांशाने कमी होते. ८० मिलिमीटरच्या एका वेगवान पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचे दोन संथ पंखे बसवणे फायद्याचे ठरते ते यामुळेच.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती परिसरातील आवाजासाठी आहे, संगणकासाठी नव्हे; तरीही तुलनेला उपयोगी पडते. चांगला शांत संगणक एक मीटर अंतरावर या रात्रीच्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. उन्हाळ्यात छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना संगणकाचा आवाज त्यात बुडून जातो. त्याची खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. पंखे बंद, दारे-खिडक्या लावलेल्या, गावात सामसूम आणि त्याच खोलीत एकजण अभ्यास करतो तर दुसरा झोपलेला असतो. सुदैवाने त्या दिवसांत खोलीच इतकी थंड असते की पंख्यांना जोर लावावा लागत नाही. ऑनलाइन वर्ग घेणे, ध्वनिमुद्रण, हार्मोनियम-तबल्याचा रियाज नोंदवणे अशा कामांसाठी मात्र बाराही महिने शांतता लागते.

प्रोसेसरचे तापमान तीन गोष्टींची बेरीज असते: खोलीचे तापमान, कॅबिनेटमधील हवेची वाढ आणि कूलरच्या क्षमतेनुसार प्रोसेसरची स्वतःची वाढ. समजा, एखादा साधा कूलर ठरावीक संथ वेगावर दर वॅटमागे अर्ध्या अंशाची वाढ होऊ देतो आणि कॅबिनेटमधील हवा ६५ वॅट उष्णतेने ६ अंशांनी तापते. खोली २५ अंश असेल तर ६५ वॅट खर्चणारा प्रोसेसर सुमारे ६३ अंशांवर स्थिरावेल. खोली ४१ अंश झाली की तोच प्रोसेसर, त्याच वेगाच्या पंख्यासह, सुमारे ७९ अंशांवर जाईल. मदरबोर्ड हे तापमान पाहून पंख्याचा वेग वाढवतो आणि संगणक गोंगाट करू लागतो. त्याच ४१ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ३५ वॅटवर मर्यादित ठेवला तर कॅबिनेटची वाढ सुमारे ३ अंश, कूलरची साडेसतरा, आणि एकूण तापमान ६१-६२ अंश येते. म्हणजे पंचवीस अंशांच्या खोलीतील ६५ वॅटचा प्रोसेसर आणि जामनेरच्या उन्हाळ्यातील ३५ वॅटचा प्रोसेसर हे आवाजाच्या दृष्टीने एकाच पातळीवर असतात. उष्ण प्रदेशात आवाज कमी करण्यासाठी पैसा कूलरवर घालण्यापेक्षा मुळात उष्णताच कमी निर्माण करणारा प्रोसेसर निवडणे शहाणपणाचे ठरते, ते या गणितामुळे.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स

वेष्टनावर लिहिलेला वॅटचा आकडा प्रत्यक्ष कमाल खर्च नसतो. एएमडीचा ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन ५ ५६००जी (२०२१) जोराच्या कामात ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. इंटेलच्या कोअर आय३-१२१०० (२०२२) या प्रोसेसरचा मूळ आकडा ६० आणि कमाल आकडा ८९ वॅट आहे. बायोसमध्ये ही मर्यादा खाली आणता येते. ५६००जी हा ४५ वॅटच्या मर्यादेवर चालवण्याची सोय उत्पादकानेच दिलेली आहे. कागदपत्रे, इंटरनेट, चित्रपट, हिशेब अशा कामांत त्यामुळे पडणारा फरक जाणवतही नाही. ही मर्यादा लावायला एक पैसा लागत नाही. दुकानात मात्र ती लावून दिली जात नाही, कारण विक्रेता आणि ग्राहक या दोघांचीही नजर प्रोसेसरच्या नावावर खिळलेली असते.

अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतल्यास वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. खर्च, उष्णता आणि आवाज हे तिन्ही त्यामुळे एकदम उतरतात. अशा प्रोसेसरसोबत रॅमची एक मोठी पट्टी लावण्याऐवजी समान क्षमतेच्या दोन लावाव्यात, कारण अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे तिचा मार्ग दुप्पट रुंद होतो. लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय रचना किंवा नवे खेळ यांसाठी स्वतंत्र कार्ड घ्यावेच लागते. कमी काम असताना पंखे पूर्ण थांबवणारी कार्डे शांत म्हणून विकली जातात. पण चाळीस अंशांच्या खोलीत त्यांचे तापमान पंखा सुरू होण्याच्या सीमेवरच घुटमळते; पंखे दर काही मिनिटांनी सुरू होतात आणि थांबतात. सलग मंद आवाजापेक्षा हा येणारा-जाणारा आवाज अधिक त्रासदायक वाटतो. अशा वेळी पंखे कायम संथ गतीवर चालू ठेवण्याची मांडणी करणे चांगले.

याच्या दुसऱ्या टोकाला इंटेलचा एन१०० (२०२३) आहे. मदरबोर्डवरच पक्का बसवलेल्या या चार कोअरच्या प्रोसेसरची घोषित मर्यादा अवघी ६ वॅट असून तो पंख्याविना चालणाऱ्या मदरबोर्डवरही मिळतो. अभ्यास, अर्ज भरणे, सातबारा उतारे पाहणे, चित्रफिती पाहणे ही कामे तो निर्वेध करतो. पुढे प्रोसेसर बदलता येत नाही, ही त्याची मर्यादा होय. पूर्णतः पंखारहित संगणक मे महिन्यात तापून आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून खानदेशात त्याच्याही जवळ एखादा मोठा, अत्यंत संथ पंखा ठेवणे इष्ट असते.

साठवण

एसएसडीला फिरणारा भाग नसतो, त्यामुळे आवाजही नसतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क १२० हर्ट्झची घरघर निर्माण करते आणि पातळ पत्र्याचे कॅबिनेट ती तबल्याच्या पुडीप्रमाणे वाढवते. हार्ड डिस्कच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर घातल्यास ही घरघर बरीच कमी होते. सामान्य हार्ड डिस्कच्या वापराची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. तापलेल्या कॅबिनेटमध्ये ती ओलांडली जाण्याची शक्यता खरी आहे. ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवर ठेवून कौटुंबिक छायाचित्रे व चित्रफिती यांच्यासाठी बाहेरून जोडायची, काम झाले की काढून कपाटात ठेवायची हार्ड डिस्क घेणे हा स्वस्त आणि शांत पर्याय आहे. विजेच्या झटक्यात संगणक गेला तरी त्या वेळी न जोडलेली डिस्क सुरक्षित राहते, हा त्याचा आणखी एक फायदा.

कॅबिनेट आणि पंखे

ग्रामीण भागात कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणण्याची प्रथा रूढ आहे. संगणकाच्या तयार टेबलांमध्ये या 'सीपीयू'साठी तीन बाजूंनी बंद कप्पा असतो. मागून बाहेर पडलेली गरम हवा या कप्प्यातच फिरून पुन्हा आत ओढली जाते. टेबल हव्या त्या दर्जाचे असो, संगणक त्या कप्प्यातून बाहेर काढला की तापमान आणि आवाज दोन्ही उतरतात. कप्प्याची मागची फळी कापून टाकणे हाही एक उपाय आहे.

समोर काच असलेली आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांची कॅबिनेटे आकर्षक दिसतात, पण काचेमुळे पंख्यांना हवा अरुंद फटींतून ओढावी लागते. समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट उष्ण प्रदेशात अधिक उपयोगी. मायक्रो-एटीएक्स (२४४ मिलिमीटर चौरस) मदरबोर्ड बसेल एवढा आकार घरगुती वापरास पुरतो. १७० मिलिमीटरचे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आकर्षक असले तरी महाग असतात आणि लहान पेटीत हवा खेळायला जागा राहत नाही. समोर दोन व मागे एक असे १२० मिलिमीटरचे तीन पंखे पुरेसे होतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली म्हणजे फटींतून धूळ न येता ती समोरच्या जाळीतूनच येते आणि तिथेच अडते. चार पिनांचे पंखे घेतल्यास मदरबोर्डला त्यांचा वेग अचूक कमी-जास्त करता येतो. स्वस्त पंख्यांतील स्लीव्ह बेअरिंगमधील वंगण उष्णतेने लवकर सुकते आणि दोनेक उन्हाळ्यांत ते कुरकुरू लागतात. बॉल किंवा द्रव बेअरिंगचे पंखे जास्त टिकतात.

एसएमपीएस आणि वीजपुरवठा

असेंबल्ड संगणकात सर्वाधिक दुर्लक्षित आणि चुकल्यास सर्वाधिक नुकसान करणारा भाग म्हणजे एसएमपीएस. अनेक स्वस्त कॅबिनेटांसोबत तो 'मोफत' येतो. त्यावर ४५० वॅट असे लिहिलेले असले तरी लेबलवरील १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असा आकडा असेल तर प्रोसेसर व ग्राफिक्ससाठी प्रत्यक्षात १४ × १२ म्हणजे १६८ वॅटच उपलब्ध असतात. हा गुणाकार दुकानातच करून पाहता येतो. ८० प्लस हे २००४ पासूनचे प्रमाणपत्र असलेल्या एसएमपीएसची कार्यक्षमता २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के असते. उरलेली वीज उष्णतेत जात असल्याने जास्त कार्यक्षम एसएमपीएसचा पंखाही संथ फिरतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानात दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते. म्हणून ज्या कंपनीने १०५ अंशांचे कपॅसिटर वापरले आहेत तो एसएमपीएस येथे अधिक काळ टिकतो. काही जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसवर मागे ११५/२३० असा लाल खटका असतो. तो चुकून ११५ वर राहिला तर बटण दाबताच मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळतो.

भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. रोहित्रापासून दूरच्या वस्तीत शेतीपंप चालू असताना हा दाब बराच खाली येतो. थ्री-फेज वाहिनीतील न्यूट्रल तुटल्यास एका फेजवरील घरांत तो ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. स्पाइक गार्डची पट्टी क्षणिक झटका अडवते, पण असा टिकून राहणारा वाढीव दाब तिला पेलत नाही. त्यासाठी वरच्या मर्यादेला वीज तोडणारा स्टॅबिलायझर किंवा लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस लागतो.

अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तो बहुतेक वेळा बिघाड नसतो. एसएमपीएसमधील फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटला फेज आणि न्यूट्रल यांच्या मधल्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टच्या दाबावर नेऊन ठेवतात. प्रवाह अत्यल्प असतो. अर्थिंग जोडले की हा दाब जमिनीत उतरतो. याच स्थितीत चालू संगणकाला प्रिंटर किंवा केबल टीव्हीची तार जोडली तर पोर्ट जळू शकतो. मोकळ्या मातीत खड्डा करून कोळसा-मीठ घालून केलेल्या अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालत राहावे लागते, कारण कोरड्या जमिनीचा रोध वाढतो. काळी माती सुकून भेगाळली की हा परिणाम अधिकच जाणवतो.

२००५ ते २०१२ या काळात ग्रामीण महाराष्ट्रात रोजचे अनेक तासांचे भारनियमन होते. त्या काळात घरोघरी आलेले इन्व्हर्टर आजही वापरात आहेत. प्रमाणित एसएमपीएस पूर्ण भारावर वीज गेल्यानंतर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर साध्या पद्धतीवर ठेवला असल्यास पुरवठा बदलायला यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि संगणक बंद पडतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असा खटका असल्यास तो वापरल्याने हा वेळ बराच कमी होतो. कमी वीज खाणारा संगणक येथेही फायद्यात असतो: त्याचा भार हलका असल्याने एसएमपीएस अधिक काळ तग धरतो आणि ६०० व्हीएचा लहान यूपीएसही काम जतन करून संगणक बंद करण्यास पुरेसा वेळ देतो.

रोज आठ तास चालणाऱ्या दोन संगणकांच्या वीजवापरात १०० वॅटचा फरक असेल, तर दिवसाला ०.८ आणि वर्षाला सुमारे २९२ युनिटांचा फरक पडतो. महावितरणच्या घरगुती दररचनेत महिन्याला १०० युनिटांवरील वापराला वरच्या टप्प्याचा दर लागतो. त्यामुळे सीमेवरच्या कुटुंबाला हा फरक बिलात चटकन दिसतो.

खर्चाची आखणी

सुट्या भागांच्या किमती जागतिक घडामोडींनुसार हलतात. २०११ मधील थायलंडच्या पुरानंतर हार्ड डिस्क जगभर महागल्या. आभासी चलनाच्या लाटांत, २०१७-१८ आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये, ग्राफिक्स कार्डे दुर्मीळ झाली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे ठरावीक रकमेचा 'आदर्श' संगणक सांगणाऱ्या याद्या काही महिन्यांत शिळ्या होतात. प्राधान्यक्रम मात्र टिकून राहतो. एसएमपीएस, मॉनिटर आणि कॅबिनेट हे भाग दोन-तीन प्रोसेसर पालटले तरी चालतात, तेव्हा त्यांत काटकसर करणे परवडत नाही. प्रोसेसर एक पायरी खालचा घेता येतो. रॅमसाठी मदरबोर्डवर चार खाचा असतील तर नंतर भर घालता येते. ग्राफिक्स कार्ड खरी गरज पडल्यावर घेतले तरी चालते. कर्जाच्या हप्त्यांवर एकदम सर्व घेण्याऐवजी अशा टप्प्यांनी घेणे असेंबल्ड संगणकातच शक्य आहे.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात संगणकाच्या भागांवर १८ टक्के कर आहे. तो वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या भागाची वॉरंटी मिळवणे कठीण जाते. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या मुदतीची आणि वेगळ्या कंपनीची असल्यामुळे पक्क्या बिलावर प्रत्येकाचा अनुक्रमांक लिहून घेणे आवश्यक असते. ब्रँडेड संगणकाला एकच वॉरंटी असते आणि काही कंपन्या घरी येऊन दुरुस्तीही करतात. दुरुस्तीची धावपळ करणारे घरात कोणी नसेल, तर ही सोय जास्तीच्या किमतीला योग्य ठरते.

मुंबई-पुण्यातील कंपन्यांनी वापरून काढलेले संगणक 'रिफर्बिश्ड' म्हणून तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या प्रमाणात येतात. त्यांची बांधणी भक्कम आणि आवाज कमी असतो. मात्र विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० तसेच, इंटेलच्या बाबतीत, आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. चौथ्या-सहाव्या पिढीचा संगणक स्वस्तात मिळाला तर त्यावर लिनक्स वापरण्याची तयारी हवी. लहान कंपनी-संगणकांतील एसएमपीएस व मदरबोर्ड अनेकदा खास आकाराचे असतात. बिघडल्यास बाजारातला प्रमाणित भाग त्यांत बसत नाही.

मराठीतून वापर

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडचा अंतर्भाव झाल्यामुळे मराठी लेखनासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स दोन्हींत अंगभूत असतो. पत्रिका, फलक व पुस्तकांच्या मुद्रणपूर्व कामासाठी मात्र जुन्या अक्षरसंचांवर बेतलेल्या सॉफ्टवेअरची अजूनही मागणी आहे. त्यांतील काही केवळ विंडोजवर चालत असल्याने छपाईचे काम करू इच्छिणाऱ्याने ऑपरेटिंग सिस्टिमचा निर्णय प्रोसेसर निवडण्यापूर्वीच घ्यावा.

देखभाल

मार्च ते जून या काळात वाऱ्यासोबत येणारी बारीक धूळ आणि जिनिंग कारखान्यांच्या परिसरात हिवाळ्यात उडणारे कापसाचे तंतू कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर धरतात. समोरची जाळी महिन्याने धुणे आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडावर व दिवाळीच्या साफसफाईत, ब्लोअरने आतली धूळ काढणे पुरेसे असते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. झोताने ते अतिवेगाने फिरल्यास बेअरिंग खराब होते. प्रोसेसर व कूलर यांच्यामधील थर्मल पेस्ट उष्ण हवामानात तीन-चार वर्षांत कोरडी पडते. संगणक पूर्वीसारखेच काम करत असताना अचानक आवाज करू लागला, तर पंखा बदलण्यापूर्वी धूळ आणि पेस्ट तपासली जाते. बहुतेकदा कारण तेथेच सापडते.

टाकाऊ भाग

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यानुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तालुक्याच्या गावांत जुना मॉनिटर व मदरबोर्ड बहुधा भंगारवाल्याकडेच जातात. तांबे काढण्यासाठी तारा उघड्यावर जाळल्यास विषारी धूर होतो आणि जुन्या नळीच्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. एसएसडी किंवा हार्ड डिस्क भंगारात देण्यापूर्वी त्यावरील माहिती पूर्ण पुसणे आवश्यक असते, कारण केवळ फायली डिलीट केल्याने आधार कार्ड व बँकेच्या कागदपत्रांच्या प्रती हार्ड डिस्कवरून परत मिळवता येतात.